मेव्हण्याचं यंत्र, सासूबाईंचा दिवा

आमच्या सासूबाईंच्या घरात आजवर एकदाच आग लागली, आणि ती मी केलेल्या आगप्रतिबंधक व्यवस्थेमुळे लागली.

त्याआधी पन्नासएक वर्षं त्या दर शुक्रवारी घरात उघडा दिवा लावत होत्या, दिवसाआड मासे तळत होत्या, मधली काही वर्षं तर त्यांच्याकडे भडकायची सवय असलेला रॉकेलचा स्टोव्हही होता. कधी काही झालं नाही. मी एक शिडी, एक ड्रिल मशीन आणि चार स्क्रू घेऊन गेलो, आणि दोन आठवड्यांत घर पेटलं! (घर म्हणजे पडदा. पण आमची ही, म्हणजे डायना, ही गोष्ट सांगते तेव्हा 'घर'च म्हणते, आणि ती ही गोष्ट फार वेळा सांगते.)

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. पूर्वजांचा धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून गावागावांत आम्हाला 'शनवार तेली' म्हणायचे. घाणे गेले, शनिवार राहिला. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दिवा लावला की शब्बाथ सुरू, तो शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत. तोवर आग पेटवायची नाही, विझवायची नाही, विजेच्या बटणाला हात लावायचा नाही. माझ्याबद्दल म्हणाल तर मीही शब्बाथ पाळतो, पण सवड असेल तेव्हा. सासूबाई मात्र कडक. त्यांचा दिवा लागला की घरातली बटणं भिंतीतच रिटायर!

हा दिवा म्हणजे काचेचा पेला. खाली पाणी, वर बोटभर खोबरेल तेल, त्यात तरंगती वात. तेल संपलं की वात पाण्यात बुडून आपोआप विझते. इतकी सुरक्षित वस्तू त्या फ्लॅटमध्ये दुसरी नव्हती. मी तर नव्हतोच. पेला ठेवायची जागाही ठरलेली: भिंतीतली एक दगडी फळी, आजूबाजूला जळण्यासारखं काही नाही.

घर जुन्या पनवेलमध्ये, तळमजल्याला, दोन खोल्यांचं. सासरे गेल्यापासून सासूबाई तिथे एकट्या राहत. आम्ही नवीन पनवेलला. "आमच्याकडे या राहायला," असं मी त्यांना अनेकदा म्हणालो होतो. (डायना ऐकत असताना.) त्यांचं उत्तर एकच असे: "तुमच्याकडून सिनेगॉग पायी गाठता येतं का? नाही ना? मग झालं तर." शब्बाथला वाहनात बसायचं नाही, त्यामुळे त्यांच्या लेखी नवीन पनवेल आणि न्यूयॉर्क सारख्याच अंतरावर.

या सगळ्याला खीळ घातली माझ्या मेव्हण्यानं. डायनाचा धाकटा भाऊ ऐझॅक, घरी सगळ्यांचा ऐझू, बरीच वर्षं इस्राएलमध्ये, अशदोदला स्थायिक. बंदरात सुरक्षा अधिकारी. दर रविवारी त्याचा फोन यायचा. एका रविवारी तो म्हणाला, "भाऊजी, आई एकटी, वय झालेलं, त्यात ती उघडा दिवा लावून झोपते. मला इथे झोप लागत नाही. मी येतोय. घर सेफ वाटलं तर ठीक. नाहीतर आईला कायमची घेऊन जातो."

हे ऐकून सासूबाई आठवडाभर कुणाशी धड बोलल्या नाहीत. शेवटी पोळपाटावर लाटणं आपटून मला म्हणाल्या, "जावईबापू, मला कुठं जायचं नाही. तिथे मला भाजीवालीशी भांडता तरी येणार आहे का? तुम्ही काहीतरी करा."

सासूबाईंनी मला काहीतरी करायला सांगितलं, असं लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं. तोवर 'तुम्ही काही करू नका' एवढंच सांगत आल्या होत्या. त्यांचाही अनुभव दांडगा होता.

तेवढ्यात ऐझूनं तिकडून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर एक खोका पाठवला. आत पांढरं, बशीएवढं स्मोक डिटेक्टरचं यंत्र. धूर झाला की बोंबलणारं. सोबत माहितीपत्रक, अख्खं हिब्रूत! आता आम्हाला हिब्रू येतं, पण ते प्रार्थनेचं. वाचता येतं, अर्थ सिनेगॉगात प्रार्थना सांगणाऱ्या हज्जानसाहेबांवर सोडायचा. सासूबाईंनी पत्रक पाहिलं, पवित्र अक्षरं दिसली, त्यांनी ते डोळ्यांना लावलं, त्याचा मुका घेतला आणि प्रार्थनेच्या पुस्तकांत ठेवून दिलं. मी ते परत मागून घेतलं आणि वाचायचा प्रयत्न केला. चाल आपोआप प्रार्थनेचीच लागली. दोन ओळी झाल्यावर सासूबाई "आमेन" म्हणाल्या, मग मी थांबलो.

पण चित्रं होती ना! एका चित्रात यंत्र, त्याच्या खाली पेटलेली मेणबत्ती, आणि त्या सगळ्यावर लाल फुली. मी दोन मिनिटं विचार केला आणि अर्थ लावला: या यंत्राखाली मेणबत्ती चालत नाही. तेलाचा दिवा चालतो.

त्या रविवारी ऐझूनं फोनवर विचारलं, "भाऊजी, लावणार कुठे?"

"सोपं आहे," मी म्हणालो. "जिथे आग, तिथे यंत्र!"

पलीकडून एक लांब उसासा आला. मला वाटलं, लाईन खरखरतेय.

दिव्याच्या फळीच्या वर पोटमाळा होता. त्याच्या तळाला, दिव्याच्या बरोबर डोक्यावर, हातभर अंतरावर, मी यंत्र बसवलं. चार स्क्रूंसाठी मला अकरा भोकं पाडावी लागली. सासूबाई खाली उभं राहून केसांतला चुना झटकत होत्या.

पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघं मुद्दाम तिकडेच राहायला गेलो. सूर्य कलला. सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला, वात पेटवली, ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांवर धरले आणि आशीर्वाद म्हटला. आम्ही "आमेन" म्हणालो. आणि आमच्या आमेनमागोमाग यंत्रानं आपलं आमेन सुरू केलं!

तो आवाज कसा सांगू? दहा प्रेशर कुकर एकाच वेळी बाळंत झाले तर येईल तसा.

सासूबाईंनी डोळ्यांवरचे हात काढले नाहीत. तशाच ओरडल्या, "जावईबापू, हे काय?"

"आई, ते चालतंय!" मी अभिमानानं ओरडलो. "म्हणजे बिघडलेलं नाही!"

"बंद करा!"

"हो, बटण दाबतो..."

"बटण?"

"नको? मग बॅटरी काढतो..."

"माझ्या घरात? दिवा लागल्यावर?"

"मग दिवाच जरा बाजूला..."

सासूबाईंनी डोळ्यांवरचे हात काढले. मी शिडीवरून पाय काढला.

दारात शेजारचे मुकादमभाई उभे होते. कुवेतला पुष्कळ वर्षं काढून परतलेले, आता मिरची गल्लीत दुकान. त्यांनी आत येता येताच दोन्ही हात वर केले. "खाला, तुम्ही कोणी काय बोलू नका. मला काय सांगू नका. माझ्या कानाला तकलीफ होते, म्हणून मी माझ्या मर्जीनं आलो."

(शब्बाथला आपलं काम दुसऱ्या धर्माच्या माणसालाही सांगायचं नसतं. त्यानं स्वतःच्या सोयीसाठी, स्वतःच्या मनानं केलं तर गोष्ट वेगळी. हा बारकावा मुकादमभाईंना माझ्यापेक्षा चांगला पाठ आहे. दर शुक्रवारी त्यांच्या कानाला, डोळ्याला नाहीतर झोपेला काही ना काही तकलीफ होतेच.)

त्यांनी यंत्राकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे! ही तर आपली कुवेतची दोस्त!" घरी गेले, आले ते आंघोळीच्या वेळी केसांवर घालतात ती इलॅस्टिकची प्लास्टिकची टोपी घेऊन. शिडीवर चढले, यंत्राला टोपी घातली, खालून वर्तमानपत्रानं वारा घातला. दोन-चार उचक्या देऊन यंत्र शांत झालं.

"कुवेतला खोलीत आम्ही आठ जण, आठही बिडीवाले," ते उतरता उतरता म्हणाले. "तिकडे पहिल्या दिवशी पोरांना दोन गोष्टी शिकवायचे. मालकाला सलाम कसा करायचा आणि याला टोपी कशी घालायची."

शब्बाथ पार पडला. पण ऐझू गुरुवारी येणार होता, आणि आंघोळीची टोपी घातलेलं यंत्र पाहून कुठल्याही सुरक्षा अधिकाऱ्याला घर सेफ वाटलं नसतं. यंत्र दुसरीकडे हलवणं हाच खरा उपाय. मी ड्रिल मशीन नुसतं पिशवीतून बाहेर काढलं, तर सासूबाई म्हणाल्या, "आता एक भोक जरी पाडलंत, तर तिथे यंत्राऐवजी तुम्हाला टांगेन."

मग मला, घरी परतताना रिक्षात, सुकापूरच्या फाट्याजवळ, एक कल्पना सुचली. (माझ्या आयुष्यातल्या सगळ्या वाईट कल्पना मला रिक्षात सुचलेल्या आहेत. बसमध्ये गर्दीमुळे सुचत नसाव्यात.) दुसऱ्या दिवशी मी पारदर्शक सेलोटेप घेऊन गेलो आणि टोपी काढून यंत्राच्या कडेच्या फटींवरून गोल फिरवून नीट चिकटवली. खालून काही दिसेना. मधला लाल दिवा आपला लुकलुकतोय. खाली उदबत्त्यांचा जुडगा पेटवून धरला. यंत्र गप्प! मला धन्य वाटलं.

गुरुवारी ऐझू आला. आईच्या पाया पडायच्या आधी त्यानं मान वर करून यंत्र पाहिलं. मग खुर्चीवर चढून बोटानं मधलं बटण दाबलं. मी दाराकडे सरकलो. पण बटण भोंग्याचं होतं, धुराचं नव्हतं. यंत्र झकास बोंबललं!

"भाऊजी, परफेक्ट!" ऐझू म्हणाला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत काय होतं हे ओळखायला मला वेळ लागला, कारण ते मी आधी कधी पाहिलेलं नव्हतं. कौतुक!

तेवढ्यात ऐझूनं मान खाली केली. "आई, दिवा तू इथेच लावतेस? याच्या बरोबर खाली? मग हे वाजणारच."

आता मी काय सांगणार? की बाबा रे, नाही वाजणार, मी त्याची सोय केलेली आहे?

"खरंच की!" मी म्हणालो. "माझ्या लक्षातच आलं नाही! दिवा हलवायला हवा."

"कुठं हलवायचा?" सासूबाई म्हणाल्या. "त्याची जागा तीच आहे."

"खिडकीत ठेवू," मी म्हणालो. "यंत्रापासून लांब, मोकळी हवा, धूर बाहेरच्या बाहेर."

"वाऱ्यावर दिवा?"

"आई," मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "मी आहे ना!"

खिडकीला डायनानं भाऊ येणार म्हणून नवा पडदा लावला होता. नायलॉनचा. फिकट गुलाबी. झिरझिरीत.

शुक्रवारी दिवा खिडकीत लागला. पंखा आधीच चालू करून ठेवला होता, कारण शब्बाथ सुरू झाल्यावर बटण दाबायचं नाही. मी पडदा एका बाजूला गोळा करून खिळ्याला अडकवला होता. ऐझू आणि मी सिनेगॉगमधून परत आलो. टेबलावर पापलेट, रोटी, आणि भिजवलेल्या काळ्या मनुकांचा शरबत. सगळे टेबलाभोवती उभे राहिलो आणि ऐझूनं शरबताचा पेला उचलून किद्दूशचा आशीर्वाद म्हणायला सुरुवात केली. तिकडे राहून त्याचे उच्चार फार भारी झालेत. आम्ही जो आशीर्वाद लोकल पकडायच्या गतीनं म्हणतो, तो ऐझू एकेक अक्षर चघळत म्हणतो.

आणि ऐझू मध्यावर असताना पडदा खिळ्यावरून सुटला.

पंख्याच्या वाऱ्यानं तो एकदा खिडकीबाहेर गेला, एकदा आत आला, आणि आत येताना दिव्याला चाटून गेला. कोपऱ्याला एक लहानशी निळी जीभ दिसली. ती फक्त मला दिसत होती. बाकीच्यांची पाठ खिडकीकडे.

आता नियम असा, की आशीर्वाद चालू असताना मध्ये बोलायचं नाही. हे मला लहानपणी पंतोजींनी पट्टी मारून शिकवलेलं. मी आयुष्यात जे असंख्य नियम मोडले, त्यातला हाच एक त्या क्षणी का आठवला, मला आजतागायत कळलेलं नाही. मी बोललो नाही. मी म्हणालो, "अं! अं अं!" आणि भुवया खिडकीकडे उडवल्या.

सासूबाईंनी डोळे वटारले. त्यांना वाटलं, मला पापलेटची घाई झालीय.

"अंऽऽ! अं अं अं!" मी बोटानं खिडकी दाखवली. डायनानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. ऐझूनं आणखी सावकाश म्हणायला सुरुवात केली. भाऊजींना किद्दूश इतका भिडतोय, हे पाहून त्याला भरून आलं होतं.

निळी जीभ पिवळी झाली. पडद्याच्या मध्यापर्यंत गेली. अखेर ऐझूनं शेवटचा शब्द उच्चारला, आणि मी छाती फुटेस्तोवर ओरडलो:

"आमेन! आग!"

सगळे गर्रकन वळले. आणि आता जे सांगतोय ते अगदी खरं आहे: वळल्यावर कोणी पडद्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी आधी मान वर करून यंत्राकडे पाहिलं! ते शांत होतं. लाल दिवा समाधानानं लुकलुकत होता.

"वाजत नाहीये," ऐझू म्हणाला, जणू आगीचीच चूक आहे.

मग एकच गोंधळ. ऐझूनं धावत जाऊन आईच्या फोनवर नंबर फिरवला. मी पडद्याकडे झेपावलो आणि प्रसंगावधान राखून जोरात फुंकर मारली. वाढदिवसाच्या केकवर मारतात तशी. ज्वाळेनं ती फुंकर आनंदानं स्वीकारली आणि परत पाठवली. माझ्या उजव्या बाजूच्या मिशीचा 'चर्र' असा आवाज झाला.

"आई, पाणी ओतू का?" मी मिशी धरून ओरडलो. "पण आग विझवायची नसते ना आज? शब्बाथ आहे! चालेल का?"

लग्नापासून सासूबाई मला 'अहो जावईबापू' म्हणत आल्या होत्या. त्या दिवशी तो रिवाज संपला.

"हट बाजूला, गाढवा!" त्या म्हणाल्या.

त्यांनी पदर खोचला, दाराच्या अडसरानं पडदा दांडीसकट खाली ओढला, त्यावर पिण्याच्या पाण्याचा हंडा उपडा केला, आणि कणकेची परात उचलून दिव्याच्या पेल्यावर पालथी घातली. दिवा विझला. पन्नास वर्षांत त्यांच्या हातानं शब्बाथचा दिवा पहिल्यांदा विझला, आणि त्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

"आई, दिवा..." डायना म्हणाली.

"जीव राहिला तर पुढच्या शुक्रवारी लावीन," सासूबाई म्हणाल्या. "जिवाच्या वेळी सगळं चालतं. तुझ्या नवऱ्याला एवढंही ठाऊक नाही? कुठल्या पंतोजीनं शिकवलं याला?"

तोवर मुकादमभाई ओली गोधडी घेऊन आत आले होते. ("कोणी काय सांगू नका, मी माझ्या मर्जीनं!") त्यांच्यामागे वरच्या मजल्यावरचे पाटीलशेठ, जिन्यातली आगीसाठीची लाल बादली घेऊन. "कुठं हाय आग? काकी, घाबरू नका, मी हाय!" असं म्हणत त्यांनी आग पाहायच्या आधी बादली झोकून दिली. बादलीत वाळू असायला हवी. वाळू होतीच, पण तिच्यात पाटलीणबाईंनी कढीपत्त्याचं रोप लावलं होतं. ते आलं ते थेट माझ्या खांद्यावर.

"आवो, हे तर जावयबापू!" पाटीलशेठ म्हणाले. "मना वाटला काय जळलंय इथं."

आग विझली, धूर गेला, पाणी पुसून झालं, मुकादमभाई आणि पाटीलशेठ खुर्च्या ओढून शरबत पिऊ लागले. तेव्हा बाहेर सायरन वाजला.

"बघा," ऐझू म्हणाला. "आले की नाही!"

दोन पांढऱ्या कपड्यांतली माणसं स्ट्रेचर घेऊन आत आली. "पेशंट कोण?"

झालं होतं असं, की इस्राएलमध्ये आगीच्या बंबाचा नंबर एकशेदोन. ऐझूनं सवयीनं तोच फिरवला. आपल्याकडे एकशेदोन म्हणजे ॲम्ब्युलन्स.

 मग सासूबाई, डायना, ऐझू, मुकादमभाई आणि पाटीलशेठ या पाचही जणांनी एकाच वेळी माझ्याकडे बोट दाखवलं. एक अर्धी मिशी जळलेला, डोक्यात वाळू आणि खांद्यावर कढीपत्ता असलेला इसम ॲम्ब्युलन्सवाल्यांनी नीट तपासला. मिशीवर मलम लावलं. "घरी कोणी सांभाळणारं आहे ना यांना?" असं डायनाला विचारून ते गेले.

आता उरला शनिवार. तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब दिवस. कारण ऐझूच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: यंत्र वाजलं का नाही? शब्बाथला त्याला हात लावता येत नव्हता; म्हणून तो खाली पलंगावर पडून त्याच्याकडे बघत होता. "पनवेलच्या दमट हवेनं झालं असेल का, भाऊजी?"

"दमट हवा फार वाईट," मी म्हणालो.

"पण अशदोद तर समुद्रावरच आहे."

"तिथला दमटपणा वेगळा."

 सासूबाई सकाळी प्रार्थनेला चालत गेल्या, चालत आल्या, आणि मोकळ्या खिडकीकडे पाहत बसल्या. ऐझू आता त्यांना घेऊन जाणार, हे धरूनच चालल्या होत्या. दुपारी डायनाला हळूच म्हणाल्या, "माझा पाटा-वरवंटा तू घेशील ना गं?" ते मी ऐकलं आणि पहिल्यांदा मला हसू येईना. टेप ओढून काढावी म्हणून मी दोनदा शिडीपाशी गेलो. दोन्ही वेळा ऐझूनं मान वळवली. मी शिडीला पाठ घासून परत आलो.

संध्याकाळी मुकादमभाई डोकावले. त्यांनी वर नजर टाकली, डोळे बारीक केले, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बेनीभाय, टोपीच बरी होती. टोपी दिसते तरी."

तीन तारे दिसले. शब्बाथ सुटला. रिवाजाप्रमाणे लवंगांचा वास घेतला, वेणी घातलेली मेणबत्ती शरबतात विझवली, आणि ऐझू शिडीवर चढला. नखानं काहीतरी खरवडलं. मग त्यानं ते ओढायला सुरुवात केली. किती लांब होतं ते! निघतच राहिलं. मी इतकी टेप लावल्याचं माझ्या लक्षात नव्हतं.

ऐझूनं ती उजेडात धरली. "भाऊजी, हे काय?"

 उत्तर बायकोनं दिलं. "सेलोटेप."

"कोणी लावली?"

 कालची बोटं परत माझ्याकडे वळतील की काय, असं वाटून मी डोळे मिटले. तेवढ्यात सासूबाईंच्या खुर्चीतून विचित्र आवाज आला. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या. पदर तोंडात कोंबून, गदागदा हसत होत्या!

"आई, हसतेस काय?" ऐझू म्हणाला.

"हसू नको तर काय करू? तू एवढ्या लांबून यंत्र पाठवलंस, आणि यांनी त्याचं तोंड बांधून ठेवलं!"

ऐझू शिडीच्या मधल्या पायरीवर बसला. मग तो अधिकारी आवाजात म्हणाला, "आई एकटी सेफ आहे का, हे बघायला मी आलो होतो. आई एकटी असती, तर दिवा फळीवर असता. पडदा जुना, सुती असता. वर यंत्रच नसतं, म्हणजे टेपही नसती. आई एकटी असती, तर आग लागलीच नसती."

"आणि लागली असती तर?" डायनानं विचारलं.

"तर आईनं विझवली असती. काल विझवली तशी. आणि मी फोन ठेवायच्या आत शेजारची दोन माणसं घरात होती. चुकीच्या बादलीसकट." त्यानं टेपचा गोळा केला. "आई इथेच राहील. हिला एकटेपणाचा काही धोका नाही, दिव्याचा तर नाहीच."

 'नाहीच'नंतर त्यानं जिकडे पाहिलं, तिकडे मीच बसलो होतो.

सासूबाई उठल्या, आत गेल्या आणि पेला घासायला घेतला. माझ्यावर रागावल्या नाहीत. फक्त तेव्हापासून 'जावईबापू' गेलं ते परत आलं नाही. आता त्या मला 'बेनी' म्हणतात. कधी खूष असल्या तर गाढवा.

रविवारी सकाळी डायना म्हणाली की ऐझू आमच्याकडे येतोय, जायच्या आधी भेटायला. मला बरं वाटलं. चहा टाकला. तो आला तो शिडी आणि ड्रिल मशीन घेऊन. हसला, बूट काढले, थेट बेडरूममध्ये गेला आणि पलंगावर माझी उशी कुठली ते बहिणीला विचारलं.

उशीच्या बरोबर वर, यंत्राच्या चार स्क्रूंसाठी त्यानं चारच भोकं पाडली. मी दारात उभा राहून म्हणालो, "ऐझू, अरे, इथे कशाला? इथे तर दिवाही नसतो."

तो खाली उतरला आणि हातावरचा चुना झटकला.

"भाऊजी, तुम्हीच फोनवर सांगितलं होतंत," तो म्हणाला. "जिथे आग, तिथे यंत्र!"